एकाच यंत्रात चार ‘ए’: कॅसिओ ९९१च्या लाल अक्षरांची झडती

बारावीच्या बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलवर भागवावं लागतं. त्यामुळे आपल्याकडे ‘अल्फा’ नावाच्या बटणाशी पहिली गाठ पडते ती डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. दुकानदार न विचारताच कॅसिओचा ९९१ काढून देतो. मग चार वर्षं त्यावर साइन, कॉस आणि बेरीज-वजाबाकी होते, पण बटणांवरच्या लाल अक्षरांना सहसा कुणी हात लावत नाही. हे परीक्षण त्या लाल अक्षरांपुरतंच आहे: बीजगणितातले चल या यंत्रात कसे भरायचे, भरल्यावर काय होतं, आणि कुठे हमखास चुकतं.

दुकानात आणि जुन्या दप्तरांत या मालिकेची चार भावंडं सापडतात. दोन ओळींचा एफएक्स-९९१एमएस, अपूर्णांक वहीत लिहितो तसा दाखवणारा ईएस प्लस, बारीक ठिपक्यांच्या पडद्याचा ईएक्स, आणि सगळ्यांत नवा सीडब्ल्यू. ईएस प्लसच्या पडद्यावर ९६ बाय ३१ ठिपके आहेत, ईएक्सच्या पडद्यावर १९२ बाय ६३. हा फरक जाहिरातीपुरता नाही, तो पुढे सॉल्व्ह, म्हणजे समीकरण सोडवून देणारी सोय, वापरताना कळतो. मुख्य धागा ईएस प्लसचा धरू, कारण हॉस्टेलच्या टेबलांवर तोच सगळ्यांत जास्त पडलेला असतो.

आधी एक गैरसमज दूर करू. ही यंत्रं बीजगणित करत नाहीत. २ए + ३ए टाकून बरोबरचं चिन्ह दाबलं तर ‘५ए’ येत नाही, ए मध्ये त्या क्षणी जो आकडा असेल त्याची पाचपट येते. ए रिकामा असेल तर शून्य. ‘कॅल्क्युलेटर खराब आहे, उत्तर शून्यच येतंय’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. अक्षर म्हणजे फळीवरचा डबा. डब्यावर साखर लिहिलंय, पण आत गेल्या महिन्याचं मीठ असू शकतं. झाकण न उघडता चहात घातलं तर दोष डब्याचा नाही.

ईएस प्लसवर असे नऊ डबे आहेत: ए, बी, सी, डी, ई, एफ, एक्स, वाय आणि एम. त्याच्या आधीच्या साध्या ईएसवर ई आणि एफ नव्हते. ए सापडतो कंसातल्या वजाच्या बटणावर, बी अंश-मिनिट-सेकंदाच्या बटणावर, सी हायपवर, डी-ई-एफ ओळीने साइन-कॉस-टॅनवर. एक्स आहे बंद होणाऱ्या कंसावर, वाय एस-डी बटणावर, एम हा एम-प्लसवर. अक्षर लिहायचं तर प्रत्येक वेळी आधी अल्फा दाबावं लागतं. अल्फा एकदा दाबून दोन अक्षरं लिहिता येत नाहीत, पहिल्या अक्षरानंतर तो आपोआप उतरतो. एक्सच्या आधीचा अल्फा विसरलात तर पडद्यावर नुसता कंस उमटतो आणि पुढे सिंटॅक्स एरर येते. एरर आली की एसी दाबून सगळं पुसू नका. डावा किंवा उजवा बाण दाबलात तर कर्सर नेमका चुकलेल्या जागी जाऊन उभा राहतो.

आकडा डब्यात टाकायचा क्रम आपल्या सवयीच्या उलटा आहे. वहीत आपण ‘ए = ५’ लिहितो, इथे आधी ५, मग शिफ्ट, मग आरसीएल (त्यावर पिवळ्यात एसटीओ लिहिलंय), मग ए चं बटण. या वेळी अल्फा लागत नाही आणि शेवटी बरोबरही दाबायचं नाही. पडद्यावर ‘५→ए’ असा बाण दिसला की काम झालं. पाचाच्या जागी ३+५ किंवा √२ असं अख्खं गणित असलं तरी चालतं, उत्तर काढून तेच साठवलं जातं. आत काय आहे बघायचं तर आरसीएल आणि अक्षर.

साठवण्याचा खरा फायदा अचूकतेचा आहे. पडद्यावर १० अंक दिसतात, आत १५ अंकांपर्यंत हिशेब चालतो. मधलं उत्तर ०.३३३ असं वहीत उतरवून पुन्हा टाकलं आणि तिनाने गुणलं तर ०.९९९ येणार. तेच १÷३ ए मध्ये ठेवून ३ए केलं तर १. सर्व्हेइंगच्या किंवा स्ट्रक्चरच्या पाच पायऱ्यांच्या उदाहरणात शेवटचे दोन अंक जुळत नाहीत, त्याचं कारण बहुधा हे मधलं उतरवणं असतं.

आता कॅल्क बटण. आमच्या मते ९९१चे पैसे वसूल होतात ते इथे. वर्गसमीकरणाचा विवेचक घ्या, बी² − ४एसी. बटणं अशी: अल्फा बी, वर्ग, वजा, ४, अल्फा ए, अल्फा सी. नऊ दाबण्यांत सूत्र तयार. आता बरोबर न दाबता कॅल्क दाबा. यंत्र एकेका अक्षराचं नाव घेऊन किंमत विचारतं आणि जुनी किंमत समोर दाखवतं. जुनीच हवी असेल तर नुसतं बरोबर दाबा, नवी हवी असेल तर आकडा टाकून बरोबर. नाव वाचल्याशिवाय आकडा टाकू नका. आपल्या डोक्यात ए-बी-सी असा क्रम असतो, आणि सूत्र तर बी पासून सुरू झालंय. २एक्स² − ७एक्स + ३ साठी ए ला २, बी ला −७, सी ला ३ दिले की उत्तर २५. पुन्हा बरोबर दाबलं की पुढच्या उदाहरणासाठी यंत्र तेच प्रश्न परत विचारतं. सूत्र एकदाच लिहायचं, दहा उदाहरणं लागोपाठ तपासायची. बाहेर पडायचं तर एसी.

याच उदाहरणात एक छान सापळा आहे. अक्षरं न वापरता थेट −७² − ४×२×३ टाकून बघा. उत्तर २५ येत नाही, −७३ येतं. कारण यंत्र आधी सातचा वर्ग करतं आणि मग वजा लावतं, −७² म्हणजे −४९. कंस घालून (−७)² लिहावं लागतं. पण −७ बी मध्ये ठेवून बी² केलं तर ४९च मिळतो, कारण डब्यातला आकडा चिन्हासकट एक मानला जातो. म्हणजे ऋण सहगुणकांच्या गणितात अक्षर वापरणं हे कंस विसरणाऱ्यांसाठी आयतंच संरक्षण आहे. किंमत भरताना मात्र कंसातलं वजा वापरा. एरवी मागचं उत्तर पडद्यावर असताना मधल्या वजाबाकीच्या बटणाने नवी ओळ सुरू केली तर यंत्राला वाटतं मागच्या उत्तरातून काहीतरी वजा करायचंय, आणि ते ओळीच्या सुरुवातीला ‘आन्स’ आणून ठेवतं.

मुळं काढायचं सूत्र लिहिताना आणखी एक सांभाळा. वहीसारख्या पद्धतीत वर्गमूळाचं बटण दाबलं की कर्सर चिन्हाच्या आत जातो. आतलं संपल्यावर उजवा बाण दाबला नाही तर पुढची बेरीज, भागाकार, सगळं त्या छपराखालीच जमा होतं. पडद्यावर छप्पर किती लांब गेलंय ते बघायची सवय लावा. वहीसारखं लिखाण नको असेल तर शिफ्ट, मोड, २ ने एका ओळीची पद्धत लागते. तिथे छपराऐवजी कंस येतात.

आता सगळ्यांत खोल खड्डा: न लिहिलेला गुणाकार. ए मध्ये ४ ठेवा. १÷२×ए केलं तर २ येतं. १÷२ए केलं तर ०.१२५. दोन्ही बरोबर आहेत, कारण कॅसिओच्या या मालिकेत अक्षराला चिकटून लिहिलेला सहगुणक आधी गुणला जातो आणि मग भागाकार होतो. ‘२ए’ हा एक जोड समजला जातो. ईएक्स तर हे उघड करून दाखवतो: तुम्ही ६÷२(१+२) टाकलंत तर तो स्वतःहून कंस घालून ६÷(२(१+२)) असं लिहितो आणि १ देतो. न सांगता कंस घालणं काहींना आगाऊपणा वाटतो. आम्हाला ते आवडलं, कारण यंत्राने काय समजून घेतलं ते निदान डोळ्यांना दिसतं. ईएस प्लस हिशेब तसाच करतो, पण गुपचूप.

हे सगळीकडे असंच चालतं असं मात्र धरू नका. अमेरिकेत मुलांना अल्जिब्रा शिकवणाऱ्या मराठी आईबापांच्या घरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ असतो. त्यावर २ए मधला न लिहिलेला गुणाकार साध्या गुणाकाराच्याच पंगतीत बसतो आणि हिशेब डावीकडून उजवीकडे जातो. वरच्याच उदाहरणात मूळ काढताना (७+५)÷२ए लिहिलं, ए = २ असताना, तर कॅसिओ ३ देतो, टीआय-८४ देतो १२. बाबांनी पुण्यात शिकताना लावून घेतलेली सवय लेकीच्या गृहपाठात अशी उलटते. तिथे (२ए) असा कंस घालायलाच हवा. बाकी अक्षरं भरायला टीआय-८४ ऐसपैस आहे. ए पासून झेड पर्यंत सगळी अक्षरं आणि वर थीटा, एक्ससाठी अल्फाशिवायचं स्वतंत्र बटण, आणि साठवण्याचं एसटीओ बटण उघड्यावर. पण तो प्रोग्रॅम करता येणारा आहे, त्यामुळे आपल्या परीक्षेच्या वर्गात त्याचा उपयोग नाही.

आता सॉल्व्ह. शिफ्ट आणि कॅल्क. यासाठी एक खरं गणित घेऊ, कारण पुस्तकातल्या एक्स² = २ ने काही कळत नाही. सिव्हिलवाल्यांना परिचित असलेलं मॅनिंगचं सूत्र: आयताकृती कालव्यात ठरावीक विसर्गासाठी पाण्याची खोली किती? रुंदी ३ मीटर, विसर्ग सेकंदाला ५ घनमीटर, मॅनिंगचा खडबडीतपणाचा आकडा ०.०१५, तळाचा उतार ०.००१. खोली सूत्रात दोन-तीन ठिकाणी, घातांकाच्या आतही अडकलेली असल्याने हाताने सुटत नाही. परीक्षेत अंदाज-तपासणी करत तक्ता भरावा लागतो.

पहिली अडचण नावांची. पुस्तकातली क्यू, एन, एस ही अक्षरं यंत्रावर नाहीतच. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात आधी वाटणी लिहा: खडबडीतपणा ए, रुंदी बी, विसर्ग सी, उतार डी, खोली एक्स. ही एक ओळ लिहायचा कंटाळा केला की दहा मिनिटांनी उतार कुठल्या डब्यात ठेवला तेच आठवत नाही. अज्ञाताला नेहमी एक्स द्या, कारण ईएस प्लस आपण होऊन एक्सच शोधतो. दुसरं अक्षर शोधायचं असेल तर समीकरणाच्या शेवटी स्वल्पविराम (शिफ्ट आणि बंद होणारा कंस) देऊन ते अक्षर लिहावं लागतं. समीकरणात एक्स नाही आणि स्वल्पविरामही दिला नाही, तर व्हेरिएबल एरर.

समीकरण असं टाकायचं: अल्फा सी, मग अल्फा-कॅल्क. हे लाल रंगातलं बरोबर आहे, उत्तर देणारं खालचं मोठं बटण वेगळं. मग अपूर्णांकाच्या साच्यात वर १, खाली ए, उजव्या बाणाने बाहेर. पुढे × बी × एक्स × (बी × एक्स ÷ (बी + २एक्स)), घाताच्या बटणाने २÷३, पुन्हा उजवा बाण, × √डी. इथे प्रत्येक गुणाकार मुद्दाम लिहिलाय. अपूर्णांकाचा साचा न वापरता १÷ए(बीएक्स) असं चिकटवून लिहिलं असतं तर वरच्या नियमाने रुंदी आणि खोली दोन्ही छेदात गेली असती, आणि यंत्राने ते चुकीचं समीकरण निमूटपणे सोडवत बसायला घेतलं असतं. त्याला कालवा माहीत नाही.

शिफ्ट, कॅल्क. किंमती विचारेल त्या नाव वाचून भरा: सी ५, ए ०.०१५, बी ३, डी ०.००१. शेवटी ‘सॉल्व्ह फॉर एक्स’ असं येतं. इथे विचारलेला आकडा म्हणजे उत्तराचा तुमचा अंदाज. १ द्या, बरोबर दाबा, क्षणभर थांबा. एक्स १.०७८७ च्या आसपास येतो, म्हणजे खोली साधारण १ मीटर ८ सेंटिमीटर. त्याखाली ‘एल-आर’ असा एक आकडा दिसतो: डावी बाजू वजा उजवी बाजू. तो शून्य किंवा शून्याला अगदी खेटून असेल तरच उत्तर वहीत उतरवा. अनेकजण तो वाचतच नाहीत, आणि सगळ्यांत महत्त्वाचा आकडा तोच आहे.

आत न्यूटनची पद्धत चालते, अंदाज दरवेळी सुधारत उत्तराकडे सरकणारी. म्हणजे इंजिनिअरिंग गणितात जी न्यूटन-रॅफसन म्हणून येते तीच. म्हणून अंदाजाला इतकं महत्त्व. एक्स³ − ६एक्स² + ११एक्स − ६ = ० ची मुळं १, २, ३ आहेत. अंदाज ० दिला तर १ मिळतं, १० दिला तर ३. एका वेळी एकच मूळ हाती लागतं, ‘आणखी दोन आहेत’ असं यंत्र सांगत नाही. अंदाज फारच भलता असेल, किंवा आलेख मध्येच खडा चढत असेल, तर ‘कान्ट सॉल्व्ह’ येतं. अंदाज बदलून पुन्हा करा. छेदात किंवा लॉगमध्ये अज्ञात असेल तर शून्य हा अंदाज कधीच देऊ नका.

कोनांच्या समीकरणात आधी पडद्याच्या वरच्या पट्टीत डी (अंश) आहे की आर (रेडियन) ते बघा. कॉस एक्स = एक्स हे न्युमेरिकल मेथड्समधलं ठरलेलं उदाहरण. रेडियनमध्ये उत्तर ०.७३९०८५१३३२. अंशात ठेवून केलं तर ०.९९९८ असं काहीतरी येतं, आणि एल-आर तिथेही शून्यच दाखवतो. यंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. ईएस प्लसवर रेडियनसाठी शिफ्ट, मोड, ४.

पेपरात पायऱ्या दाखवायच्या असतील तर सॉल्व्ह उपयोगाचा नाही, त्याला मधली पावलं दाखवता येत नाहीत. तिथे आन्स वापरा. एक्स³ − २एक्स − ५ = ० साठी २ टाकून बरोबर दाबा, मग आन्स − (आन्स³ − २आन्स − ५) ÷ (३आन्स² − २) लिहून बरोबर दाबत राहा: २.१, मग २.०९४५६८१२२, मग २.०९४५५१४८२. तीन दाबण्यांत तक्त्याच्या तीन ओळी. शेवटी सॉल्व्हने पडताळा. आम्हाला विचाराल तर ९९१वरची ही सगळ्यांत उपयोगी युक्ती आहे, आणि तिला एकही लाल अक्षर लागत नाही!

एकसामयिक समीकरणांना आणि साध्या वर्गसमीकरणांना अक्षरं वापरण्यात अर्थ नाही. ईएस प्लसवर मोड ५ मध्ये दोन आणि तीन चलांची, तसंच दुसऱ्या आणि तिसऱ्या घाताची तयार खोकी आहेत. सहगुणक भरा, उत्तरं घ्या. ईएक्सवर हे चार चलांपर्यंत आणि चौथ्या घातापर्यंत जातं. भरण्याआधी समीकरण त्यांच्या साच्यात आणा. एकसामयिकमध्ये स्थिरपद उजवीकडे असतं, वर्गसमीकरणात डावीकडे. चिन्हाची चूक झाली तर बहुतेक तिथेच होते.

आता डबे न सांगता कोण उघडतं ते. कॅल्कमध्ये दिलेल्या किंमती त्या-त्या अक्षरात कायम राहतात. सॉल्व्हचं उत्तर एक्समध्ये जाऊन बसतं. टेबल मोड वापरला की एक्समधला आकडा बदलतो. आणि सगळ्यांत लबाड म्हणजे पोल आणि रेक, म्हणजे ध्रुवीय आणि एक्स-वाय निर्देशकांची अदलाबदल करणारी बटणं: रूपांतर केलं की पहिलं उत्तर एक्समध्ये आणि दुसरं वायमध्ये आपोआप लिहिलं जातं, आधीचं पुसून. विजेच्या एसी सर्किटचं गणित करताना एक्समध्ये रिअॅक्टन्स ठेवून मध्येच पोल केलं की रिअॅक्टन्स गेला. म्हणून जपून ठेवायचे आकडे ए ते एफ मध्ये ठेवा, एक्स आणि वाय धर्मशाळा समजा. एसी दाबून, मोड बदलून किंवा यंत्र बंद करून अक्षरं रिकामी होत नाहीत. कालचं मीठ आजही तिथेच.

शीर्षकातले चार ‘ए’ हे असे. पहिला अल्फाचा ए, ज्याबद्दल आतापर्यंत बोललो. दुसरा स्टॅट मोडमधला: ईएस प्लस रेषीय समाश्रयण (दिलेल्या बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी रेषा) ए + बीएक्स या रूपात देतो, आणि तो ए शिफ्ट-१ च्या मेन्यूतून घ्यावा लागतो. अल्फा ए दाबलंत तर पहिल्या डब्यातला भलताच आकडा मिळतो. त्यात शाळेत शिकलेल्या वाय = एमएक्स + सी च्या हिशेबाने इथला ए म्हणजे सी आणि बी म्हणजे चढ, त्यामुळे गोंधळ दुप्पट. तिसरा मॅट-ए, म्हणजे सारणी (मॅट्रिक्स), तिचा मेन्यू शिफ्ट-४ वर. चौथा बेस-एन मध्ये, तिथे ए म्हणजे सोळा-आधारी पद्धतीतला दहा, आणि तो त्याच कंसातल्या वजाच्या बटणावर पण अल्फाशिवाय. चौघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कॅसिओने निदान सारणीला वेगळं नाव दिलं, समाश्रयणालाही द्यायला हवं होतं. ईएक्सवर तिथे लहान लिपीतली अक्षरं आली, तेवढीच सुधारणा.

मग घ्यायचा कुठला? अक्षरं भरण्याच्या निकषावर ईएक्स सरळ पुढे आहे. एसटीओ शिफ्टखालून बाहेर येऊन स्वतंत्र बटण झालंय, म्हणजे साठवायला तीनऐवजी दोन दाबणी. एक्सला स्वतःचं बटण मिळालंय, अल्फा नको. शिफ्ट-एसटीओ दाबलं की नऊही डब्यांतला माल एका पडद्यावर दिसतो. वर सांगितलेल्या निम्म्या चुका या एका यादीमुळे टळतात. सॉल्व्हमध्ये सगळी अक्षरं एकाखाली एक दिसतात आणि ज्याची किंमत हवी त्यावर कर्सर नेऊन बरोबर दाबायचं, स्वल्पविरामाची कसरत नाही. मोठ्या पडद्याचा उपयोग हाच. ईएस प्लस स्वस्त पडतो आणि शेजारच्या बाकावरच्यालाही तोच येतो, हा त्याचा मोठा गुण. तो आधीच घरात असेल तर केवळ अक्षरांसाठी बदलायची गरज नाही.

सीडब्ल्यूबद्दल आमचं मत जरा तिखट आहे. त्यावर अल्फा नाही, अक्षरं शिफ्ट आणि अंकांवर आहेत: ४-५-६ वर ए-बी-सी, १-२-३ वर डी-ई-एफ. हे लक्षात ठेवायला सोपं. एमच्या जागी झेड आला, तेही बीजगणिताला बरंच. पण साठवायचं तर व्हेरिएबल बटण, बाणाने अक्षरापर्यंत जायचं, ओके, मग यादीतून ‘स्टोअर’. जे काम ईएक्सवर दोन दाबण्यांत होतं त्याला इथे मेन्यूची फेरी मारावी लागते. कॅल्कचं बटणही गेलं. दहा उदाहरणं लागोपाठ तपासणाऱ्याला हे जाणवणारच. पहिल्यांदाच कॅल्क्युलेटर हातात घेणाऱ्याला मेन्यू वाचून वाट सापडते, पण ज्याची बोटं ईएस प्लसवर तयार झालीत त्याने परीक्षेच्या महिन्यात तरी सीडब्ल्यूकडे वळू नये.

एमएस वडिलांच्या कपाटातून निघाला असेल तर तोही चालतो, अक्षरं बहुतेक त्याच जागी आहेत. सॉल्व्हची रीत मात्र वेगळी. किंमती भरून झाल्यावर अज्ञात अक्षरावर बाणाने परत यायचं आणि पुन्हा शिफ्ट-कॅल्क दाबायचं. नुसतं बरोबर दाबत राहिलात तर तो त्याच प्रश्नांच्या चकरा मारत बसतो.

परीक्षेचं म्हणाल तर एमएसबीटीईच्या, म्हणजे डिप्लोमाची परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या, पेपरावर प्रोग्रॅम न करता येणारा खिशातला कॅल्क्युलेटर चालेल असं छापलेलं असतं (त्याच सूचनांत मोबाइलबरोबर पेजरलाही बंदी आहे), आणि पुणे विद्यापीठाच्या पेपरांवर कॅल्क्युलेटरच्या जोडीला स्लाइड रूललाही परवानगी आहे, कुणाकडे असला तर. हे चारही ९९१ प्रोग्रॅम न करता येणारे आहेत. जेईईला काहीच नेता येत नाही. गेटला पडद्यावरचा कॅल्क्युलेटर मिळतो, त्यात एकच मेमरी असते, अक्षरं नसतात. तेव्हा गेटची तयारी करताना ए-बी-सीची सवय शेवटचे दोन महिने सोडून द्या.

आणि ऐन पेपरात दुसऱ्याचा ईएस प्लस उसना घ्यावा लागला, तर पहिलं गणित टाकण्याआधी शिफ्ट, ९, २, बरोबर, एसी. याने फक्त मेमरी रिकामी होते. ३ दाबलंत तर सेटिंगही मूळपदाला जातं आणि रेडियन लावलेलं असेल तर ते अंशावर येतं. पडद्याच्या वर बारीक ‘एम’ दिसत असेल तर एममध्ये काहीतरी पडून आहे असं समजा. बाकीच्या आठ अक्षरांसाठी अशी कुठलीही खूण नाही.